माहेरचा संघ

विवाहामुळे स्त्रीच्या आयुष्यात जे फेरफार होतात त्यांची नोंद आपल्या समाजाने फार तपशिलाने करून ठेवलेली आहे. तिचे आडनाव पालटते, पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही पालटते, कुलदैवत पालटते, आमटीत गूळ घालावा की घालू नये याविषयीचे तिचे मतही पालटावे अशी अपेक्षा असते, आणि ज्या गावाची वेस तिने जन्मात पाहिलेली नसते त्या गावच्या जत्रेला दुसऱ्याच वर्षी ती 'आमची जत्रा' म्हणू लागते. पुरुषाच्या खात्यावर या व्यवहारातून काय जमा होते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. फार तर एखादी सासुरवाडची चटणी त्याच्या जिभेवर रुळते आणि मेहुण्यांच्या सल्ल्याने त्याची एखादी जमीन विकली जाते, एवढेच. माझ्या खात्यावर फुटबॉलचा एक संघ जमा झाला. मुरबाड तालुक्यातील एका खेड्यात जन्मलेल्या, शहापूरच्या तहसील कचेरीत दप्तरे सांभाळून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आणि वयाच्या पंचविशीपर्यंत फुटबॉल हा खेळ केवळ वर्तमानपत्रातच खेळला जातो अशी ज्याची जवळजवळ खात्री होती, अशा मनुष्याला हे धन मिळावे यात काही विशेष नाही, कारण धन बहुधा न मागणाऱ्यालाच मिळते. परंतु ते स्वीकारावे कसे, त्यातले आपले किती मानावे आणि परक्याचे म्हणून किती बाजूला ठेवावे, हा प्रश्न मला इतकी वर्षे पुरला आहे आणि अजूनही तो निकालात निघालेला नाही.

माझी पत्नी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. या एका वाक्यात कोल्हापूरच्या वाचकाला सर्व काही कळेल. इतरांसाठी विस्ताराने लिहिले पाहिजे. तत्पूर्वी आमच्या मुलखाविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण ज्या भूमीत एखादे झाड लागत नाही त्या भूमीचा दोष कोणता, याचा विचार केल्यावाचून ते झाड दुसरीकडे का फोफावले हे नीट उमगत नाही.

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके भाताचे. चैत्र-वैशाखात राब भाजावेत, मृगात पेरावे, आषाढात चिखलणी करून आवणी उरकावी, श्रावण-भाद्रपदात बेणावे आणि आश्विन-कार्तिकात कापणी करून खळ्यावर झोडावे, या क्रमात शरीराला जो विसावा मिळतो तो मार्गशीर्षापासून पुढे. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर हारवुड लीगचे सामने भर पावसाळ्यात रंगत. त्याच पावसाळ्यात आमच्याकडील धडधाकट पोरगा कंबरेत वाकून आवण खोचीत असे. तानसा, मोडकसागर आणि भातसा या जलाशयांतून मुंबई आमचे पाणी पिते आणि पावसाळ्यात फुटबॉल खेळते, आम्ही मात्र चैत्रात टँकरची वाट पाहतो आणि पावसाळ्यात चिखल तुडवतो, अशी एक कडवट कोटी आमच्या कचेरीत प्रचलित होती. तिच्यातला कडवटपणा सोडला तरी वस्तुस्थिती उरतेच. शिवाय जागेचा हिशेब निराळा. आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉलचे मैदान एकशे पाच मीटर लांब आणि अडुसष्ट मीटर रुंद असते, म्हणजे आमच्या भाषेत सुमारे सत्तर गुंठे, पावणेदोन एकरांचा सलग तुकडा. माहुलीच्या पायथ्याला किंवा माळशेजच्या उतरणीला ज्यांनी खाचरे पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको की, सत्तर गुंठ्यांची सपाट, सलग आणि बांध नसलेली जमीन आमच्याकडे एका नावावर असणे हीच मुळी बातमी आहे. कबड्डीचे अंगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. सव्वा गुंठ्यात सगळा खेळ आटोपतो, चेंडू लागत नाही, बूट लागत नाहीत, आणि कापणीनंतरच्या थंडीत देवळासमोर दिवा टांगला की दोन गावांची इभ्रत पणाला लावता येते. आमच्या लोकांना फुटबॉल आवडला नाही असे म्हणण्यापेक्षा, त्या खेळाची आणि आमच्या शेताची तारीखच कधी जुळली नाही असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

याचा अर्थ आम्ही नीरस होतो असा मात्र कोणी घेऊ नये. म्हसा येथील पौष पौर्णिमेच्या यात्रेत बैलांच्या बाजारात एकेका खोंडाभोवती जी माणसे जमतात, त्यांच्या डोळ्यांत जे असते त्याला अनुराग याखेरीज दुसरे नाव देता येत नाही. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रापुरती ती सशर्त उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या सात वर्षांत आमच्या परिसरातील कित्येक घरांत धावण्याखेरीज कोणतेही काम न येणारा बैल केवळ आशेवर पोसला गेला. आज त्या बैलांची नावे छातीवर छापलेले सदरे घालून तरुण टेम्पोच्या टपावर नाचत जातात. तेव्हा चाहत्यांची संस्कृती आम्हाला परकी नव्हती. वैरही परके नव्हते. तीस वर्षे मी ज्या फिर्यादी वाचल्या त्यांतील निम्म्या वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांवर केलेल्या होत्या. फक्त आमच्याकडे ह्या दोन वृत्ती दोन ठिकाणी नांदत होत्या: अनुराग बैलावर आणि वैर बांधावर. हे दोन्ही एकाच कुंपणात, ठरलेल्या वेळी, तिकीट लावून एकत्र आणण्याची विद्या मी प्रथम कोल्हापुरात पाहिली.

कोल्हापुरातील फुटबॉल संघांची नावे ऐकली की परगावच्या माणसाला प्रथम कुस्त्यांचा फड आठवतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले आणि शहराच्या पेठापेठांतून तालमी नांदू लागल्या. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत फुटबॉललाही राजाश्रय लाभला आणि हा परदेशी खेळ क्लबाच्या बंगल्यात न शिरता थेट हौद्यातल्या लाल मातीत शिरला. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. मुंबईत फुटबॉल आला तो पलटणींबरोबर आला आणि रोव्हर्स चषक १८९१ पासून प्रथम गोऱ्या पलटणींनीच एकमेकींत वाटून घेतला. गोव्यात तो पाद्री विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर १८८३ च्या सुमारास शिवोलीस आला असे सांगतात आणि तेथे तो चर्चच्या पटांगणात व गावच्या फेस्तांत वाढला. कोल्हापुरात मात्र त्याला जे घर मिळाले ते आधीच पेठेचे घर होते. गणपती बसविणारे, मोहरमचा पंजा उठविणारे, निवडणुकीत पत्रके वाटणारे आणि कोणाच्या मयताला खांदा देणारे जे मंडळ, तेच अकरा खेळाडू मैदानात उतरविते. त्यामुळे त्या संघाचा पाठीराखा होण्यासाठी खेळ आवडावा लागत नाही, पेठेत जन्मावे लागते. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पेठा कशातही विलीन झाल्या नाहीत.

अशा पेठेत जन्मलेली मुलगी त्या काळी सामन्याला जात नसे. माझ्या सासऱ्यांच्या घरी तरी तसा रिवाज होता. शाहू स्टेडियमवरचा गलका वाऱ्याची दिशा अनुकूल असली म्हणजे त्यांच्या माडीवर ऐकू येई, आणि माझ्या पत्नीने फुटबॉलचे शिक्षण घेतले ते मुख्यतः कानांनी. लग्नानंतर प्रथम सासुरवाडीस गेलो असता मेहुण्याने मला मोठ्या अगत्याने सामन्यास नेले. मी पुरुष होतो एवढ्या एकाच अर्हतेवर मला त्या गर्दीत प्रवेश मिळाला आणि जिला प्रत्येक खेळाडूचे घराणे ठाऊक होते ती घरी भाकऱ्या थापत बसली. रात्री परतल्यावर तिने मला विचारले, काय झाले? मी म्हणालो, एक शून्याने जिंकलो. ती म्हणाली, "ते मला बी कळलं. दुसऱ्या हाफात आपला बॉल दांडीला लागला न्हवं? पब्लिक उठलं आणि मग एकदम गप झालं, तवाच मी म्हटलं." चेंडू खांबाला लागला होता हे मी प्रत्यक्ष पाहूनही विसरलो होतो. तिने ते न पाहता, जनसमूहाच्या एका उच्छ्वासावरून आणि त्यानंतरच्या शांततेवरून, अचूक लिहून ठेवल्याप्रमाणे सांगितले. कोल्हापूरच्या जुन्या घरांतील बायका स्वतःविषयी बोलताना 'मी म्हटलो', 'मी जातो' असेही सहज बोलून जातात. आमच्या मुरबाडकडच्या आत्यांना त्याचे प्रथम फार हसू येई. मला मात्र त्या रात्री वाटले की, या बाईने सामन्याला 'जातो' असे म्हणावे आणि खरोखरच जावे, यात हसण्यासारखे काही नाही.

ही काही कोल्हापूरचीच रीत नव्हे. इंग्लंडात डिक, कर लेडीज या कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे त्रेपन्न हजार लोकांनी पाहिला, आणि वर्षही उलटले नाही तोच तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस योग्य नाही असा निर्वाळा देऊन आपली मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी पन्नास वर्षे टिकली. इराणात तर स्त्रीने प्रेक्षक होणे हाच अपराध ठरला. तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये १० ऑक्टोबर २०१९ रोजी कंबोडियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे काढून स्त्रिया बसल्या, त्याच्या अवघा एक महिना आधी सहर खोदायारी ही तरुणी पुरुषवेषात आत शिरल्याबद्दल शिक्षा होईल या भीतीने स्वतःला पेटवून घेऊन मरण पावली होती. ज्या आवडीसाठी कोणी एवढे मोल देतो, ती आवड नवऱ्याने 'तुझ्यासाठी पाहतो हो' अशा उपकाराच्या सुरात पाहावी, हे मला हीनपणाचे वाटते. 'पत्नीचा छंद आपलासा करणारा पती' म्हणून माझे कौतुक करणारे लोक मला भेटले आहेत. तिने माझ्या घरची नाचणीची भाकर, माझ्या आईची सोवळी-ओवळी, म्हशाची यात्रा आणि माझ्या चुलत्यांचे तिरसट स्वभाव असे सारे आपलेसे केले, त्याचे कौतुक करणारा मात्र मला एकही आढळला नाही.

खेळ मी शिकलो तो १९८६ च्या पावसाळ्यात. त्या वर्षीची विश्वचषक स्पर्धा मेक्सिकोत होती, आणि तेथील भर दुपारचे सामने दूरदर्शनवर आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास दिसत. शहापुरात आमच्या चाळीत एका शिक्षकांकडे दूरचित्रवाणी संच होता. बांबूला बांधलेला अँटेना वाऱ्याने फिरला की मॅराडोनाच्या जागी बर्फ पडू लागे आणि एक मुलगा छत्री घेऊन कौलांवर चढे. इंग्लंडविरुद्धचा तो विख्यात सामना, ज्यात चार मिनिटांच्या अंतराने एक लबाडीचा आणि एक अलौकिक असे दोन गोल त्या एकाच मनुष्याने केले, आम्ही तेथे पाहिला. मी चेंडूकडे पाहत होतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाची दृष्टी चेंडूला चिकटते, कारण क्रिकेटमध्ये जे काही घडते ते चेंडूपाशीच घडते. पत्नी मागून म्हणाली, "अवो, बॉल बघू नका, माणसं बघा. बॉल आपसूक दिसतोय." फुटबॉलवरील टीकाग्रंथांचा सारांश या एका वाक्यात आलेला आहे असे माझे मत आहे. नव्वद मिनिटांच्या खेळात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो मोजक्या मिनिटांपुरता. उरलेला सर्व वेळ तो जागा करीत असतो, जागा अडवीत असतो, किंवा जी जागा आपल्याला कधीच मिळणार नाही तिच्याकडे केवळ प्रतिपक्षाचा एक मनुष्य खेचून नेण्यासाठी धावत असतो. ऑफसाइडचा नियम मला इतरांपेक्षा लवकर समजला याचे श्रेय महसूल खात्याला आहे. हद्दीच्या खुणा दगडांनी निश्चित करण्यात ज्याची हयात गेली, त्याला क्षणोक्षणी सरकणारी, प्रतिपक्षाच्या उभे राहण्याने ठरणारी हद्द प्रथम भयंकर वाटते आणि मग मोहक वाटू लागते.

त्या स्पर्धेने कोल्हापुरात, आणि काहीसे आमच्याकडेही, आणखी एक नवल घडविले. विश्वचषकाचे दिवस आले की कोल्हापूरच्या चौकांत ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे ध्वज लागतात, मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे दुमजली फलक उभे राहतात, आणि १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री लुसैल येथे अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टींवर हरविले तेव्हा असा जल्लोष झाला की जणू ब्यूनोस आयरिस हे पंचगंगेच्या पलीकडचे गाव असावे. यावर आक्षेप घेणारे गंभीर लोक आहेत. ज्या देशाचा आपला काही संबंध नाही त्याचा ध्वज खांद्यावर मिरविणे हा बुद्धिभ्रंश होय असे ते म्हणतात. मला तसे वाटत नाही. भारताला १९५० च्या विश्वचषकाचे द्वार उघडे होते. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे आपण गेलो नाही ही कथा फार लोकप्रिय असली, तरी आपल्या संघटनेला ऑलिंपिकपुढे त्या स्पर्धेचे महत्त्वच वाटले नव्हते हे कारण अधिक खरे आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळाले. त्यानंतरची कहाणी उतरणीची आहे. ज्याच्या घरी दिवा नाही त्याने शेजारच्या उजेडात पोथी वाचली तर त्याला घरभेदी म्हणू नये. किंबहुना लग्नाने मिळालेला संघ आणि दूरचित्रवाणीने मिळालेला देश यांची जात मला एकच वाटते. दोन्ही उसने आहेत, आणि मनुष्याच्या पुष्कळशा उत्कट निष्ठा उसन्याच असतात.

तथापि उसन्यातही तारतम्य आहेच. अर्जेंटिनाचा चाहता होण्यास काही पडत नाही. तो संघ हरला तर तुमच्या पेठेतल्या पोराला उद्या कोणी चिडवीत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून दिल्लीच्या मैदानावर उतरला, तेव्हा माझ्या पत्नीने जो श्वास रोखून धरला तसा तिने मॅराडोनासाठी कधी धरला नव्हता. भारत तिन्ही सामने हरला, कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला एकच गोल पदरात पडला. पण त्या एका गोलाची चर्चा आमच्या घरी दिवाळीचा फराळ संपेतो चालली. त्याच स्पर्धेच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यातील दहा लाख विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा सरकारी फतवा निघाला आणि शाळांना चेंडू पोहोचले. आमच्याकडे भात तेव्हा निसवण्याच्या बेतात होते आणि शाळांची पटांगणे ओलीकच्च. मी एका ओळखीच्या आश्रमशाळेत मुद्दाम पाहावयास गेलो. ठाकर आणि कातकरी मुली अनवाणी अशा काही सुटल्या होत्या की, गोलखांब नाहीत याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो चेंडू कपाटात गेला असेल, की त्याचा भोंगळा होईपर्यंत तो लाथाडला गेला असेल, याचा अहवाल कोणत्याही दप्तरात असणार नाही. फतव्यांचे आयुष्य एका दिवसाचेच असते. पुढच्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला पाच गोलांनी हरविले तेव्हा प्रेक्षक अडीच हजारांच्या आसपास होते, आणि सुनील छेत्रीला ध्वनिचित्रफितीतून हात जोडावे लागले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असा त्याच्या विनंतीचा आशय होता. पुढचा सामना भरला. कोल्हापुरातल्या पेठेच्या सामन्याला मात्र कोणी हात जोडल्याचे मला स्मरत नाही. तेथे पोलिसांना गर्दी आवरण्यासाठी हात वापरावे लागतात.

येथे मला माझ्या मूळ प्रश्नाकडे आले पाहिजे, कारण गर्दीच्या कौतुकात त्याला बगल देणे सोपे आहे. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातील चढाओढ मैदानावर थांबतेच असे नाही. गॅलरीतून बाटल्या आल्या, दगड आले, लाठ्या चालल्या, सामने अर्धवट थांबले, संघांवर कारवाई झाली आणि स्पर्धाच काही काळ बंद पडल्या, असे कोल्हापुरात एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. 'महापौर चषक', 'सतेज चषक', 'चंद्रकांत चषक' या नावांवरूनच ध्यानात येईल की, या उत्साहावर राजकारणाची नजर कधीच नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. कलकत्त्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बेंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळून सोळा प्रेक्षक चेंगरून मेले. एरवी हेच लोक विजयानंतर एकीकडे कोळंबी आणि दुसरीकडे हिलसा मासा शिजवून एकमेकांना जळवितात, इतके ते वैर चविष्ट असते. एल साल्वाडोर आणि होंडुरास या दोन चिमुकल्या देशांत जुलै १९६९ मध्ये जे चार दिवसांचे युद्ध झाले त्याला जगाने 'फुटबॉलचे युद्ध' असे नाव ठेवले, कारण नुकतेच विश्वचषकाच्या पात्रतेचे त्यांचे सामने झाले होते. मी महसुलातला मनुष्य. त्या प्रकरणाच्या मुळाशी जमीन आहे हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. होंडुरासने जमीन-सुधारणेचा कायदा करून साल्वाडोरमधून येऊन वहिवाट करणाऱ्या हजारो कुळांना हुसकावून लावले होते. चेंडूच्या माथी बांधाचे भांडण मारले गेले, इतकेच.

या सर्वांतून माझ्यापुरता मी एक दंडक केला होता. दुसऱ्याचे प्रेम आपण स्वीकारावे, दुसऱ्याचे वैर स्वीकारू नये. पत्नीच्या पेठेचा संघ जिंकावा असे मला मनापासून वाटेल, परंतु समोरच्या पेठेविषयी माझ्या मनात काही नसेल. ज्या गल्लीत मी वाढलो नाही तिच्या अपमानांचा वारसा मी का घ्यावा? आमच्या भावकीतले बांधाचे वाद तिने कधी आपले मानले नाहीत; माझ्या दोन चुलत्यांत बोलणे नव्हते तेव्हा ती दोघांच्याही घरी हळदीकुंकवाला जात असे. तोच न्याय मी तिच्या पेठेला लावीत होतो. हा दंडक मला तर्कशुद्ध वाटत होता आणि कित्येक वर्षे त्याची परीक्षा घेण्याचा प्रसंगही आला नाही, कारण शहापुरात राहून तटस्थ असणे फारसे कठीण नाही.

अलीकडच्या काळात स्त्रियाही सामन्यांना जाऊ लागल्या आणि सासरे निवर्तल्यावर मेहुण्याच्या मुलींनी आपल्या आत्याला सोबत नेले. साठी उलटल्यावर तिने प्रथमच तो गलका आतून ऐकला. मी शेजारी होतो. खेळ चांगला चालला होता, आणि दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघाच्या एका पोराने, जवळजवळ पस्तीस यार्डांवरून, गोलरक्षक थोडा पुढे आलेला पाहून चेंडू त्याच्या डोक्यावरून इतक्या नजाकतीने आत सोडला की, माझ्या हातांनी माझ्या परवानगीवाचून टाळी वाजविली. आमच्या पायरीवर बसलेल्या पन्नास माणसांनी वळून पाहिले. कोणी काही बोलले नाही, कारण मी जावई होतो, आणि जावयाला कोल्हापुरात फार सवलती आहेत. पत्नीने मात्र घरी परतताना रिक्षात, रिक्षावाल्यासमोरच, माझा दंडक मोडीत काढला. "तुमचं कसं हाय," ती म्हणाली, "वारसा पायजे, पर डोक्यावरचं कर्ज नको. तुमच्याच कचेरीत असं चालतंय काय?"

चालत नाही. वारसाने मालमत्ता घेतली की त्या मालमत्तेपुरते मृताचे देणेही त्याच्याकडे येते, हे मी असंख्य अर्जदारांना समजावून सांगितले आहे. मी उत्तर दिले की, मी वारस नव्हे, फार तर मुखत्यार आहे. ती म्हणाली, मुखत्याराने मालकाविरुद्ध टाळी वाजवायची नसते. मी म्हणालो, गोल सुंदर होता. ती म्हणाली, "सुंदर हुता म्हणूनच की! वाईट असता तर मला बी टाळी वाजवायला काय झालं हुतं?" या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिचे म्हणणे, मला समजले त्याप्रमाणे, असे की, प्रतिपक्षाचे सौंदर्य तिला माझ्यापेक्षा कमी दिसत नाही. ते दिसूनही हात आवरून बसणे हीच निष्ठेची किंमत आहे, आणि ती किंमत न देता जो प्रेम करतो तो प्रेक्षक आहे, पेठेतला नव्हे. मी अजून हे मान्य केलेले नाही. दगड उचलणारा हात आणि टाळी आवरणारा हात यांत फार अंतर आहे असे ती म्हणते. ते अंतर एका पावसाळी संध्याकाळी, एका चुकीच्या पेनल्टीने किती कमी होते, हे मी म्हणतो. पेठांच्या संघांतून आफ्रिकेतले खेळाडू खेळून गेले आहेत, त्यांना कोणती पेठ आणि कोणते वैर, असा मी तिला प्रश्न केला, तेव्हा ती म्हणाली, त्यांनी गोल तरी केले.

थंडीत नवा मोसम सुरू होईल. मेहुण्याचा परवा फोन आला होता आणि तिकिटांचा बंदोबस्त तो करणार आहे. आमच्या दोघांच्या जागा शेजारी काढू की मला जरा पलीकडे, तटस्थांच्या बाजूला बसवू, असे त्याने तिला विचारले. त्या स्टेडियममध्ये तशी बाजू कोठे आहे हे त्याला ठाऊक नाही, मला तर नाहीच. आणि तिने अजून त्याला काही कळविलेले नाही.